बाटलीतलं पाणी जातंय कुठे?

वास पहिल्यांदा बायकोला आला. मला नाही. म्हणजे मलाही आला असेलच, पण रोज चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचे वास येत नाहीत आणि आवाज ऐकू येत नाहीत, हे मला आता पटलंय. ती म्हणाली, "काहीतरी गोडसर वास येतोय रे, सिग्नलला थांबलो की जास्तच." मी म्हटलं पुढच्या गाडीचा असेल, काच वर केली आणि गाणी जरा मोठी केली. हे लिहिताना पण लाज वाटतेय, कारण तिथून पुढचे दोन महिने मी हेच करत होतो, काच वर आणि गाणी मोठी.

गाडी १६ वर्षांची, पेट्रोल, १ लाख ३८ हजार किमी झालेले. कंपनी सांगत नाही कारण चूक कंपनीची नव्हतीच, माझी होती. जुनी गाडी ठेवणाऱ्या माणसाला एक घाणेरडी सवय लागते, ती म्हणजे "जुनी आहे, चालायचंच". सकाळी सेल्फ मारल्यावर दोन सेकंद जास्त घेते? जुनी आहे. थांबल्यावर थरथरते? जुनी आहे. अरे पण थरथरणं वयामुळे नाही होत, कशामुळे तरी होतं ना. इंजिन माउंटचं रबर बसलं असेल, एखादा स्पार्क प्लग नीट ठिणगी देत नसेल, हवा कुठून तरी खेचत असेल. वय हे कारण नव्हे, वय म्हणजे फक्त कारणं साठायला मिळालेला वेळ.

तर वासानंतरची दुसरी खूण म्हणजे कूलंटची बाटली. बॉनेट उघडलं की ती पांढरट प्लॅस्टिकची, वर मिन आणि मॅक्स अशा रेघा असलेली. माझी कायम मिनच्या खाली. मी काय करायचो तर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर साधं पाणी ओतायचो आणि झाकण लावून हात झटकायचो, गाडीची सेवा केल्यासारखं. त्यावेळी एक साधा प्रश्न डोक्यात आला नाही की हे पाणी जातंय कुठे? कूलिंगची सिस्टीम बंद असते. त्यातलं पाणी इंजिन, रेडिएटर, पाइप, हीटर असं आतल्या आत फिरत राहतं. वर्षभरात थोडंसं कमी झालं तर ठीक, पण पंधरा दिवसात अर्धा लिटर म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय किंवा आत जळतंय, तिसरा रस्ताच नाही.

आणि साधं पाणी ओतत राहण्याचा वेगळाच तोटा. कूलंट म्हणजे साधारण अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल, त्यात गंज न लागण्यासाठी केमिकलं. तुम्ही पाणी पाणी करत राहिलात की ते पातळ होतं, उकळायचं तापमान खाली येतं आणि आतून गंज धरायला लागतो. तो गोड वास पण ग्लायकॉलचाच. (जाता जाता, जमिनीवर कूलंट सांडलं तर भरपूर पाणी टाकून धुऊन टाका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते त्यांना विषच आहे.)

मग एकदाचा मी पुठ्ठा टाकला. रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी बघायचं कुठे काय पडलंय, याला ना स्कॅनर लागतो ना मेकॅनिक. काळपट तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल. लालसर आणि पातळ असेल तर बहुतेक ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळं आणि बोटाला जरा चिकट लागलं तर कूलंट. अगदी स्वच्छ बिनवासाचं पाणी, ते पण एसी चालवल्यावर, तर ते एसीचंच, ते सोडून द्या. माझ्या पुठ्ठ्यावर तीन रात्री काहीच नाही. कोरा. मी खूष झालो!! गळती नाहीये म्हणून खूष. खरं तर तीच वाईट बातमी होती, कारण पाणी कमी होतंय आणि बाहेर पडत नाहीये याचा अर्थ ते बहुतेक आत जातंय. पण मला कुठलं एवढं कळायला.

मी गॅरेजला गेलो आणि काउंटरवरच सांगून टाकलं, "पाणी कमी होतंय, रेडिएटर गेलाय वाटतं." हे वाक्य लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा खर्च या एका वाक्यामुळे झाला. त्या माणसाने रेडिएटर बदलला. गरम होते असं पण म्हणालो होतो म्हणून थर्मोस्टॅटही (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला. त्याला मी फार दोष देत नाही, मी त्याला आजार सांगितलाच नव्हता, मी थेट औषधाचं नाव सांगितलं होतं आणि त्याने ते दिलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आठवडाभर गाडी मस्त चालली कारण नवीन कूलंट काठोकाठ भरलेलं होतं. दहाव्या दिवशी बाटली परत मिनच्या खाली.

आणि मग घाट.

चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू, दुपारची वेळ, चढ. काटा नेहमी मधोमध असतो तो जरा वर सरकलेला दिसला. मी ऐकलं होतं तसं केलं, एसी बंद, हीटर फुल, पंखा फुल, काचा खाली. हे बरोबर आहे बरं का, हीटर म्हणजे गाडीच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो थोडी खेचून घेतो, तेवढ्यात तुम्ही गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची असते. बाजूला घ्यायची, चालवत राहायची नाही, हे मात्र मी विसरलो. दोन वळणांनंतर हीटरमधून येणारी हवा अचानक गार झाली आणि काटा झपकन खाली आला. मी म्हटलं सुटलो! बायकोला म्हणालो पण, "बघ, उतरलं." आणि पुढच्याच चढाला गाडीने पिकअप सोडला, धक्के मारायला लागली, एक्सलेटर दाबला तरी जागची हलेना, मागच्या आरशात पांढऱ्या वाफेचा लोट.

काटा खाली का आला ते नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो वाफेत नाहीतर नुसत्या हवेत लटकतो आणि कमी तापमान दाखवतो. म्हणजे इंजिन भाजून निघत असताना डॅशबोर्ड सांगत होता की सगळं ठीक आहे. हीटरची हवा गार होणं ही पण त्याचीच खूण, हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नव्हतं. तेव्हा काटा वर गेलेला असताना हीटर गार पडला तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, पुढचं वळण बघायचं नाही.

थांबलो, इंजिन बंद, बॉनेट उघडं. एक बाइकवाला मदतीला थांबला, भला माणूस, हातात फडकं घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाला भिडला. बायको एवढ्या जोरात ओरडली की तो दोन पावलं मागे उडाला. बरं झालं ओरडली. त्या झाकणाचं काम आत दाब धरून ठेवायचं असतं, साधारण १ बारच्या आसपास, आणि त्या दाबामुळे पाणी १०० डिग्रीला न उकळता १२०च्या घरात उकळतं. झाकण सैल केलं की दाब गेला, दाब गेला की आतलं सगळं पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर. फडकं काय करणार त्याला. तासभर थांबायचं, हात लावून पाइप गार लागला तरच झाकण. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, तापलेल्या धातूला एकदम गार पाणी लागलं की तो तडकू शकतो. आम्ही थांबलो, मग टोइंगवाला बोलावला. मधे एकदा मला मोह झाला होता की उतारच आहे पुढे, हळूहळू जाऊ, पण तोपर्यंत गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे घरात स्पष्ट झालेलं होतं.

यावेळी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. वयस्कर गृहस्थ, आम्ही काकाच म्हणतो. मी सवयीने सुरुवात केली, "काका, मला वाटतं वॉटर पंप..."

"पंप-बिंप राहू द्या. काय गेलंय ते मी बघतो. तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाणी किती दिवसात किती कमी व्हायचं? सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर यायचा का, कुठल्या रंगाचा, किती वेळ? थंड असताना थरथरायची की गरम झाल्यावर? गरम व्हायची ती थांबून थांबून चालताना की मोकळ्या रस्त्याला? रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पाइप दाबला तर मऊ लागायचा की फुगलेला? मला यातलं दोनाचं उत्तर देता आलं. बाकीची बायकोने दिली. सकाळी पांढरा धूर येतो, पाच-सात मिनिटं टिकतो, गोडसर वास असतो, पहिली मिनिटभर गाडी एका पायावर लंगडल्यासारखी चालते आणि मग सरळ होते. काका तिच्याकडे बघून म्हणाले, "गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं मी. ते म्हणाले, "हं."

त्यातला शेवटचा मुद्दा, सकाळी मिनिटभर लंगडणं, त्यावरूनच त्यांना जवळजवळ कळलं होतं. रात्री दाबाखालचं पाणी झिरपत एका सिलेंडरमध्ये उतरतं, सकाळी तो सिलेंडर ओला असतो म्हणून मिसिंग मारतो, म्हणजे नीट पेटत नाही, पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून गेलं की परत नीट चालतो. तोच पांढरा धूर. थंडीत कुठल्याही गाडीच्या सायलेन्सरमधून सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येतेच, ती दोन मिनिटात विरते आणि तिला वास नसतो, तिला घाबरू नका. दाट, गोड वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावर पण रेंगाळणारा असेल तर घाबरा.

पण अंदाजावर त्यांनी काहीच उघडलं नाही आणि हे मला सगळ्यात आवडलं. आधी ऑइलचं झाकण काढलं, आत थोडा फिकट पिवळा चिकट थर होता, दुधावरच्या सायीसारखा. मला वाटलं झालं, सापडलं. ते म्हणाले यावर जाऊ नका, रोज दोन-तीन किमीच गाडी फिरवणाऱ्यांच्या झाकणाला पण हे दिसतं, इंजिन पुरतं तापत नाही म्हणून आतली दमट हवा तिथे जमते. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइलच दुधाळ झालं असेल तर खरं. माझं डिपस्टिकवर ठीक होतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये नव्हतं जात, सिलेंडरमध्ये जात होतं. मग चारी प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. तीन प्लगांची टोकं फिकट तपकिरी, जशी असायला पाहिजेत तशी, आणि दोन नंबरचा पांढरा स्वच्छ, कोणीतरी घासून धुऊन ठेवल्यासारखा. धुतलेलाच होता तो, दोन महिने वाफेने. मला चार प्लगमधला एक इतका सुंदर दिसल्याचं कौतुक वाटलं होतं, काकांना नाही वाटलं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर किती दाब धरतो ते. प्रत्येक प्लगच्या जागी गेज लावायचं, सेल्फ मारायचा, आकडा लिहायचा. १६५, ९०, ८५, १६०. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम पडलेले असले की दोघांच्या मधली भिंत फुटलीय, म्हणजे हेड गॅस्केट. तरी त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, कारण ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वर चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, ऑइलने फट तात्पुरती भरते म्हणून. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आमचा जागचा हलला नाही. शेवटी रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली, त्यात जळलेला गॅस लागला की रंग बदलणारं निळं पाणी, आणि इंजिन चालू केलं. खालून बुडबुडे यायला लागले आणि ते निळं पाणी बघता बघता हिरवट आणि मग पिवळं झालं. जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय याचा पुरावा. पाऊण तासाचं काम सगळं. हे पहिल्यांदाच झालं असतं तर माझा जुना रेडिएटर, जो ठणठणीत होता, आजही गाडीत असता.

हेड गॅस्केट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, इंजिनचा खालचा भाग ब्लॉक, वरचा हेड, आणि दोघांच्या मधे एक पातळ पत्रा, त्याला सिलेंडरसाठी, पाण्यासाठी, ऑइलसाठी वेगवेगळी भोकं. या तिघांना एकमेकात मिसळू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. गाडी एकदा जास्त तापली की ॲल्युमिनियमचं हेड प्रसरण पावून वाकतं आणि मग तो पत्रा नीट दाबला जात नाही. म्हणजे गरम झाल्याने गॅस्केट जातं आणि गॅस्केट गेल्याने गाडी गरम होते, आधी कोण हा वाद घालत बसायचं. माझ्या बाबतीत काकांचं मत पडलं की आधी बारीक गळती असणार, मी अर्धा अर्धा लिटर ओतत ती सांभाळली, आणि घाटात उरलेलं काम पूर्ण केलं.

हेड उतरवलं तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. त्यांनी त्याच्यावर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवली आणि पट्टीखाली फीलर गेजची पाती सरकवून बघितली. ०.१२ मिमीचं पातं आरामात गेलं. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिमीच्या आसपासच चालतं. आपल्या डोळ्याला ते सपाट टेबलासारखंच दिसत होतं हो! मग हेड मशीनवर देऊन फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, तडा आहे का तेही तपासून घेतलं. इथे काही लोक पैसे वाचवतात, म्हणजे नुसतं गॅस्केट बदलून त्याच वाकड्या हेडवर बसवतात आणि सहा महिन्यात परत तेच. तसंच हेडचे बोल्ट, खूप इंजिनांमध्ये ते ताणून बसवायचे असतात, एकदा ताणले की नवीनच घालायचे. मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणारा पाना), शेवटी ठराविक डिग्रीत फिरवून. हातावरच्या अंदाजाने आवळणारा माणूस दिसला तर मला आता धडकी भरते.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप पण करून घेतला. लुटतायत का असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हेड काढायला बेल्ट काढावाच लागतो, माझ्या गाडीत पंप त्याच बेल्टवर चालतो, मजुरी आधीच झालेली, आणि बेल्ट शेवटचा कधी बदललाय याची नोंद माझ्याकडे नव्हती. रबरी बेल्ट साधारण ६० हजार ते १ लाख किमीच्या मधे कधीतरी बदलायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा, आणि किमी कमी झाले असले तरी वर्षं मोजा, रबर उभ्या गाडीत पण म्हातारं होतं. तो तुटताना आधी काही सांगेलच असं नाही. आणि कित्येक इंजिनांमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, मग हेडचं काम बरं होतं म्हणायची वेळ येते.

गाडी चार दिवस तिथे होती आणि मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, काकांना वैताग आला असेल. पण बसून बसून जे कानावर पडलं ते सांगतो.

धुराचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी चालू केल्या केल्या भक्कन एक निळा झोत येऊन थांबला किंवा लांब उतार गिअरवर उतरून परत एक्सलेटर दिल्यावर आला तर व्हॉल्व्हची सील, आणि चढाला जोर देताना सतत येत असेल तर रिंगा. दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मान. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, आधी एअर फिल्टर उघडून बघा, फुकट आहे बघणं.

आवाजाचं तर एक पोरगा तिथे लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाला लावून ऐकत होता, डॉक्टरसारखा. वरून येणारी बारीक टिकटिक ही बहुतेक टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), ऑइल कमी असलं तरी येते, म्हणून आधी डिपस्टिक. खालून येणारा जड ठकठक, जो रेस दिल्यावर वाढतो, तो बेअरिंगचा, आणि त्यानंतर गाडी चालवायचीच नाही, तिथेच उभी करायची. चढाला चौथ्या गिअरमध्ये जोर देताना खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो तो नॉकिंगचा, गिअर खाली टाकला की थांबतो.

आणि दिवे. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालताना लागला तर तो ऑइल कमी आहे असं नाही सांगत, ऑइलचा दाब नाहीये असं सांगतो, म्हणजे बेअरिंगा कोरड्या फिरतायत. पुढच्या पंपापर्यंत जाऊ असं नाही, इंजिन बंद, तिथेच. पिवळा चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर जाऊ शकता, आठवड्यात दाखवा. पण तो लुकलुकत असेल तर मिसिंग एवढं जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय, एक्सलेटर सोडा आणि थांबा.

स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, मात्र काका भडकतात. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे म्हणतात. पी०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण तो कोड फक्त एवढंच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, कुठलातरी व्हॅक्यूमचा पाइप फाटला असेल, पेट्रोल पंप दमला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. सेन्सर बिचारा खरं सांगतोय आणि तुम्ही त्यालाच काढून टाकताय. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलेंडर मिस करतोय, तर त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) काढून दोन नंबरला लावायची, दोनची एकला. कोड बदलून पी०३०२ झाला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे बघत जायचं. वेगवेगळी कॉइल असलेल्या गाडीत हे घरी पण जमतं, मी नंतर मेहुण्याच्या गाडीवर केलंय आणि चक्क कॉइलच निघाली, दोन दिवस मी घरात ताठ मानेने फिरत होतो.

मला सगळेजण विचारतात की एवढ्या जुन्या गाडीवर खर्च का केलास, विकायची ना. मी काकांना हाच प्रश्न विचारला होता, हेड उघडायच्या आधी. ते म्हणाले, एक आणि चार नंबरचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, ऑइल खात नाही, बॉडीला खालून गंज नाही, गिअरबॉक्स गप आहे, म्हणजे एक आजार आहे, म्हातारपण नाही. यातले दोन-तीन मुद्दे बिघडलेले असते तर मीच सांगितलं असतं सोडा म्हणून. हा हिशोब मला पटला. गाडीची किंमत विरुद्ध दुरुस्तीचा खर्च एवढंच मांडलं तर जुनी गाडी कायम हरते, पण बाकीची गाडी कशी आहे हे धरलं की उत्तर बदलतं. फक्त त्यांनी आधीच बजावलं होतं की हेडला तडा निघाला तर काम थांबवून फोन करीन, तेव्हा परत ठरवू. तो फोन आला नाही. आणि काढलेले पार्ट त्यांनी न मागता खोक्यात घालून दिले, त्या गॅस्केटवर दोन आणि तीनच्या मधे बोटभर काळी जळलेली रेघ आहे. खोकं अजून माळ्यावर आहे, बायको टाकून दे म्हणते, मी टाकत नाही.

गळती बंद करणारं ते बाटलीतलं औषध, रेडिएटरमध्ये ओतायचं, ते पण मी मधल्या काळात एकदा ओतलं होतं. काकांना सांगितलं नव्हतं. हीटरचा पाइप काढल्यावर आतून तपकिरी लगदा निघाला तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. हीटर दोनदा उलटं पाणी मारून साफ करावा लागला.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइल आणि कूलंट बघायचं, रेघ कुठे आहे ते लिहायचं. पेट्रोल भरलं की किमी. काही वेगळं वाटलं तर काय, कधी, थंड की गरम, कुठल्या गिअरला, आवाज इंजिनच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या. यातलं शेवटचं ओळखायला सोपं आहे, मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलून बघायचा, आवाज बदलला तर इंजिन, तसाच राहिला तर चाकं-बेअरिंग-टायर. आठ महिने झाले, बाटली एकाच रेघेवर आहे.

गेल्या रविवारी वही उघडली तर माझ्या अक्षराखाली बायकोच्या अक्षरात एक ओळ होती. "उजवीकडे पूर्ण वळवताना पुढून कट-कट-कट. सरळ चालताना नाही. थंड-गरम दोन्ही. तू गाणी लावली होतीस."

पार्किंगमध्ये जाऊन स्टीअरिंग पूर्ण फिरवून हळू गोल मारून बघितलं. येतोय आवाज. सीव्ही जॉइंट असणार, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, पण काकांना मी ते सांगणार नाहीये, फक्त वही दाखवणार आहे.